तारापूरला फुकुशिमासारखं काही झालं तर ठाण्यातल्या घरात काय करायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घोडबंदर रोडला बाराव्या मजल्यावर राहता, पाच वर्षांचा मुलगा आहे, तुम्हाला सहावा महिना चालू आहे, सासूबाई घरीच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आहेत. पालघरकडे भूकंपाचा धक्का बसल्याची बातमी आली आणि सोसायटीच्या ग्रुपवर लगेच फॉरवर्ड फिरला, की आता तारापूरच्या अणुवीज केंद्राचं फुकुशिमा होणार, आयोडीनच्या गोळ्या आणून ठेवा, गाडीची टाकी फुल ठेवा. तुम्ही विचारलंय की हे खरं होऊ शकतं का, गोळ्या घ्यायच्या का, पळायचं कुठे, आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं काय.

मी हेल्थ फिजिक्सवाली. प्लांटवर रेडिएशन मोजणं, कामगारांचे बॅज तपासणं, आजूबाजूच्या गावांतून दूध-मासे-भाजीचे नमुने गोळा करणं आणि इमर्जन्सीची ड्रिल घेणं यातच नोकरी गेली, आता रिटायर होऊन नेरुळला असते. म्हणजे मीही तुमच्यासारखीच या सगळ्याच्या मधोमध राहते, त्यामुळे लांबून उपदेश करतेय असं समजू नका. उत्तर लांब होणार आहे, कारण "घाबरू नका" एवढंच लिहून पुढे जाणं मला पटत नाही. सहावा महिना चालू असलेल्या बाईला कोणी नुसतं घाबरू नका म्हटल्याने तिची काळजी जात नसते.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, अपघात होईल का. दुसरा, झालाच तर पहिल्या दोन दिवसांत माझ्या घरातल्या चार माणसांचं मी काय करू. ग्रुपवर सगळी भांडणं पहिल्यावर होतात, आणि जीव वाचतात किंवा जातात ते दुसऱ्यावर. पण पहिलाही घेऊ, नाहीतर दुसऱ्याकडे तुमचं लक्ष लागणार नाही.

जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राला ११ मार्च २०११ ला भूकंपाचा धक्का बसला तेव्हा चालू असलेले तिन्ही रिअॅक्टर आपोआप बंद पडले. हे बहुतेकांना माहीतच नसतं. भूकंप ९ तीव्रतेचा, तरी बंद व्हायचे ते नीट बंद झाले. पण रिअॅक्टर बंद केला म्हणजे तो थंड झाला असं नसतं. गॅस बंद केल्यावर तवा तापलेला राहतो तसंच, फक्त इथे आतमध्ये नवीन उष्णता तयार होतच राहते, बंद केल्या क्षणी पूर्ण ताकदीच्या साधारण ६-७ टक्के, एका दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ऐकायला कमी वाटतं, पण मोठ्या रिअॅक्टरचे सहा टक्के म्हणजे शंभर मेगावॅटच्या वर जाते ती उष्णता. ती काढायला पाणी फिरवायचं, पाणी फिरवायला पंप, पंपाला वीज. भूकंपाने बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर चालू झाले, सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. साधारण पाऊण-एक तासाने सुनामी आली, प्लांटच्या जागी १४-१५ मीटरपर्यंत पाणी चढलं, आणि डिझाइन करताना धरलेली उंची होती सहा मीटरच्याही आत. जनरेटर आणि इलेक्ट्रिक पॅनल खाली होते, ते बुडाले. पुढचं तुम्ही टीव्हीवर पाहिलंय, १२ तारखेला पहिल्या युनिटचा हायड्रोजन स्फोट, १४ ला तिसऱ्याचा, १५ ला चौथ्याच्या इमारतीत.

त्याच किनाऱ्यावर ओनागावा नावाचा दुसरा प्लांट आहे, तो तर भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षाही जवळ. तिथेही सुनामी मोठीच होती, पण प्लांट मुळातच उंचावर बांधलेला. तो वाचला, इतका की आजूबाजूच्या गावांतली घरं वाहून गेलेली माणसं त्या प्लांटच्या जिममध्ये आसऱ्याला राहिली. फुकुशिमातही सहाव्या युनिटचा एक एअर-कूल्ड जनरेटर वरच्या जागी होता, तो चालत राहिला आणि त्याच्यावर पाचवं-सहावं युनिट वाचलं. म्हणून भूकंपाचे आकडे ऐकले की माझं पहिलं लक्ष जातं ते जनरेटर किती उंचीवर आहेत, पाणी कुठून येऊ शकतं आणि वीज किती वेळ जाऊ शकते याकडे.

आता आपल्याकडे. पालघरमधले धक्के, डहाणू-तलासरी पट्ट्यातले, धुंदलवाडीच्या आसपास २०१८ च्या नोव्हेंबरपासून सुरू झालेले, ते मोठ्यातले मोठे ४ च्या आसपासचे. तिथल्या लोकांची मातीची-विटांची घरं तडकली, थंडीत माणसं बाहेर तंबूत झोपली, त्यांच्यासाठी ते धक्के लहान नव्हतेच. पण ४ आणि ९ मध्ये पाचचा फरक नसतो, प्रत्येक आकड्याला ऊर्जा साधारण ३२ पट वाढते, म्हणजे पाच आकड्यांना तीन कोटी पटीच्या वर. शिवाय जपानला सुनामी तासाच्या आत आली कारण जिथे असे मोठे भूकंप होतात ती समुद्रतळाची खोल खंदक समोरच आहे, आपल्या कोकण किनाऱ्यासमोर तशी खंदक नाही. आपल्याला सुनामी यायची तर मकरानकडून, पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याकडून. १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये तशी आली होती, मुंबईत पाणी साधारण दोन मीटर चढलं आणि माणसं दगावली, पण भूकंपानंतर इथे यायला तिला काही तास लागले. आता हैदराबादचं सुनामी केंद्र २००७ पासून चालू आहे, म्हणजे ते तास वापरता येतात. २००४ ला कल्पक्कमच्या प्लांटवर सुनामीचं पाणी पंप हाउसमध्ये शिरलंच होतं, चालू युनिट बंद केलं गेलं आणि ते सुरक्षित राहिलं.

मला विचाराल तर या किनाऱ्यावर मी भूकंपापेक्षा चक्रीवादळाकडे जास्त लक्ष देते. २०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते, ही दोन्ही आपण बघितली. वादळ म्हणजे विजेचे टॉवर पडणार, ग्रिड जाणार, रस्त्यावर झाडं, मोबाईल बंद, पाऊस प्रचंड, आणि हे सगळं एका वेळी. प्लांटला बाहेरची वीज नाही आणि बाहेरून मदत यायला रस्ता नाही ही जोडी मला नेहमी अस्वस्थ करते. ड्रिलमध्ये आम्ही वारंवार तोच मुद्दा लावून धरायचो, की कागदावर फायर टेंडर पंचवीस मिनिटांत पोचतो ठीक आहे, पण रस्ता चालू आहे हे धरूनच ना?

तारापूरच्या जुन्या दोन युनिटबद्दल तुमच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलंय की ती फुकुशिमासारखीच आहेत. हे खोटं नाही. १९६९ ची, अमेरिकन बनावटीची, उकळत्या पाण्याची, त्याच घराण्यातली, वयानेही तेवढीच. आकाराने लहान आहेत, १६० मेगावॅटची, आणि त्यात एक कंडेन्सर असा आहे की वीज नसली तरी काही तास उष्णता काढून घेतो. पण तसला कंडेन्सर फुकुशिमाच्या पहिल्या युनिटलाही होता, वीज गेल्यावर त्याचे व्हॉल्व्ह बंद झाले आणि तो चालतोय की नाही हे आतल्या माणसांना तासन्‌तास कळलं नाही. म्हणून उपकरण आहे एवढ्यावर मी कधी समाधान मानत नाही, अंधारात ते हाताने चालवायची सवय माणसांना आहे का ते विचारते. ही युनिट २०२० पासून बराच काळ दुरुस्तीसाठी बंद होती. तिसरं-चौथं युनिट ५४० मेगावॅटचं, जड पाण्याचं, वेगळ्या जातीचं. त्यात इंधनाभोवती पाण्याचा मोठा साठा असतो आणि पंप थांबले तरी पाणी आपोआप फिरत राहतं, म्हणजे माणसांना जास्त वेळ मिळतो.

वेळ मिळणं म्हणजे काय हे आपल्याच देशात दिसलंय. ३१ मार्च १९९३, नरोरा, उत्तर प्रदेश. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला, केबल जळत गेल्या आणि प्लांटमध्ये सतरा तास वीज नव्हती. कंट्रोल रूममध्ये धूर भरला, माणसांना ती सोडावी लागली. डिझेलवर चालणाऱ्या आग विझवण्याच्या पंपाने स्टीम जनरेटरमध्ये पाणी सोडलं आणि रिअॅक्टर थंड ठेवला. त्या रात्री ज्यांनी हातात टॉर्च घेऊन व्हॉल्व्ह उघडले त्यांच्याबद्दल आम्हा सगळ्यांना फार आदर आहे. फुकुशिमानंतर आपल्या सगळ्या प्लांटवर बाहेरून पाणी जोडायचे पॉइंट बसवले, जास्तीची वीज उंचावर ठेवायची व्यवस्था केली, ते याच अनुभवातून. एवढं सगळं असूनही अपघात कधीच होणार नाही असं मी लिहिणार नाही, तसं कोणी लिहिलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. शक्यता कमी आहे, शून्य नाही, आणि म्हणूनच दुसरा प्रश्न महत्त्वाचा.

तर समजा झालं. ठाणे तारापूरपासून सरळ रेषेत ७५-८० किलोमीटर, नेरुळ-बेलापूर शंभरच्या जवळ. सरकारी आराखड्यात जिथे लोकांना घरात थांबवणं, गोळ्या देणं, हलवणं याची आधीपासून तयारी ठेवतात तो भाग प्लांटभोवतीचा १६ किलोमीटरचा. ठाणे त्याच्या खूप बाहेर. पण नुसत्या अंतरावर भरवसा ठेवू नका, कारण बाकीचं ठरवतो वारा आणि त्याहून जास्त पाऊस. फुकुशिमात १५ मार्चला वारा वायव्येकडे वळला आणि नेमका पाऊस-बर्फ पडला, त्यामुळे ३०-४० किलोमीटरवरचं इताते नावाचं गाव वाईट सापडलं आणि त्याच्यापेक्षा कितीतरी जवळची काही गावं कमी सापडली. नामिए गावातली माणसं तर किनाऱ्यापासून लांब म्हणून ज्या बाजूला गेली तीच बाजू किरणोत्सारी ढगाखाली आली. हवेच्या दिशेचा अंदाज सरकारकडे होता, तो त्यांच्यापर्यंत वेळेत पोचला नाही. इतक्या वर्षांनी लिहितानाही मला याचा राग येतो.

हेच आपल्या नकाशावर ठेवून बघा. पावसाळ्यात वारा नैऋत्य-पश्चिमेकडून, म्हणजे तारापूरची हवा जव्हार, त्र्यंबक, नाशिककडे जाणार, ठाण्याकडे नाही. आणि ठाण्यातला माणूस घाबरून पळाला तर माजिवड्याहून बहुतेक नाशिक हायवेच धरणार! मार्च ते मे दुपारचा वारा वायव्येकडून येतो, तो आपल्याला जास्त चिंतेचा. हिवाळ्यात रात्री जमिनीवरून समुद्राकडे. एका दिवसातही वारा फिरतो. म्हणून "कुठे पळायचं" याचं उत्तर आज कोणीही देऊ शकत नाही, त्या दिवशी मोजमाप करणाराच देऊ शकतो, आणि आधीच गाडी काढलेली असेल तर त्या उत्तराचा तुम्हाला काही उपयोग नाही. आणखी एक, ही वेळ आली तर बहुधा नैसर्गिक आपत्तीनंतर येणार. २६ जुलै २००५ आठवा, पुरात अडकलेल्या गाड्यांमध्येच माणसं दगावली. त्या दिवशीच्या रस्त्यावर ठाण्याची सगळी माणसं एकदम उतरली तर गायमुखच्या पुढे कोण सरकणार आहे?

म्हणून माझं उत्तर आहे, घरात थांबा. तुमच्यासाठी तर शंभर टक्के. काँक्रीटच्या टॉवरमध्ये, मधल्या मजल्यावर, खिडक्यांपासून लांब आतल्या खोलीत बाहेरच्या तुलनेत रेडिएशन पाचव्या-दहाव्या हिश्श्यावर येतं, कधी त्याहूनही कमी. बारावा मजला चांगलाच आहे, वर गच्ची नाही आणि खाली जमीन नाही, आणि जे काही साचतं ते मुख्यतः या दोन ठिकाणी. खिडक्या लावा, किचनची चिमणी आणि बाथरूमचा एक्झॉस्ट बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल. स्प्लिट एसी चालला तरी हरकत नाही, तो घरातलीच हवा फिरवतो. बाहेरून कोणी आलं तर चपला दाराबाहेर, वरचे कपडे दारातच काढून प्लास्टिकच्या पिशवीत, मग आंघोळ. अंगावर बसलेल्यातला बहुतेक भाग कपड्यांबरोबर जातो, यात काही गूढ नाही, धूळच असते ती. गच्चीवरच्या टाकीचं झाकण नीट बसतंय का ते आजच बघून घ्या, ते एरवीसाठीही बरं. आणि एक गोष्ट लोक विसरतात, ढग पुढे गेल्याचं जाहीर झालं की खिडक्या उघडायच्या, कारण बंद घरातही हळूहळू बाहेरची हवा शिरते आणि मग ती आतच राहते. ही सगळी शिस्त तशीच्या तशी वायुगळतीलाही लागू पडते, आणि टीटीसी-तळोज्याच्या केमिकल कंपन्यांजवळ राहणाऱ्या आम्हा नवी मुंबईकरांना तिचीच गरज पडायची शक्यता जास्त आहे.

आता दूध. या विषयात मी जरा थांबणार आहे, कारण लहान मुलांच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका इथे असतो आणि फॉरवर्डमध्ये तो कधीच नसतो. अपघातात बाहेर पडणाऱ्या पदार्थांमध्ये आयोडीन-१३१, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, असतं. ते गवतावर बसतं, गाय-म्हैस-शेळी दिवसभर चरून कितीतरी चौरस मीटर गवत पोटात घेते, ते दुधात येतं, मूल पेलाभर दूध पितं, आणि मुलाची थायरॉइड ग्रंथी लहान असल्यामुळे तेवढ्याच आयोडीनचा डोस तिला मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त बसतो. चेर्नोबिलनंतर १९८६ मध्ये तिथल्या खेड्यांत मुलं तेच दूध पीत राहिली, वेळेत थांबवलं गेलं नाही, आणि पुढच्या वर्षांत थायरॉइड कॅन्सरच्या हजारो केसेस त्या मुलांमध्ये दिसल्या. जपानने दूध आणि पालेभाजी लवकर अडवली. एवढा एक निर्णय, आणि केवढा फरक.

प्लांटच्या आसपास हे आम्ही रोज बघायचो. ठरलेल्या गोठ्यातून दूध, ठरलेल्या बांधावरचं गवत, आणि खाटकाकडून बकऱ्याच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ, कारण आयोडीन कणभर जरी असलं तरी सगळ्यात आधी त्या गाठीत सापडतं. एका गावात ड्रिल चालू होती, आम्ही लोकांना समजावत होतो की सायरन झाला की घरात जा, बस येईल, बसमध्ये चढा. पुढे बसलेल्या एका आजीने हात वर केला आणि विचारलं, "आणि म्हस? तिला कोन नेनार? ती दोन येळा पिळली न्हाई तर फुटंल की." आमच्यातल्या कोणाकडेच उत्तर नव्हतं. त्यानंतर आम्ही आराखड्यात जनावरांचा चारा-पाणी आणि त्यांच्याकडे परत जाऊन बघायला माणूस हे मागून घेतलं. फुकुशिमात बांधलेली जनावरं दावणीला मेल्याचे फोटो आले तेव्हा मला ती आजीच आठवली.

तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच, की तसा काही दिवस आला तर मुलाला ताजं सुटं दूध आणि उघड्यावरची पालेभाजी द्यायची नाही, जोपर्यंत तपासणीचे आकडे येत नाहीत तोपर्यंत. दूध पावडरचा एक डबा घरात असू द्या, अपघाताच्या आधी पॅक झालेली कुठलीही गोष्ट चालते. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं, अडीच-तीन महिन्यांत हजाराव्या हिश्श्याच्या खाली जातं. सीझियम हा बाहेर पडणारा दुसरा किरणोत्सारी पदार्थ मात्र वर्षानुवर्षं राहतो, त्याची काळजी जमीन आणि अन्नाच्या तपासणीने घ्यायची असते, पहिल्या रात्री तुम्ही काही करायची नसते.

गोळ्या घरात आणून ठेवू नका असंच मी सांगेन. पोटॅशियम आयोडाइडची मोठ्या माणसाची गोळी १३० मिलिग्रॅमची, ती थायरॉइड आधीच भरून टाकते म्हणजे बाहेरचं आयोडीन आत शिरत नाही. काम तेवढंच. सीझियमवर काही नाही, बाहेरून येणाऱ्या रेडिएशनवर काही नाही. वेळ चुकली तर उपयोग जातो, तुमच्यासारख्या गरोदर बाईला आणि लहान मुलाला डोस मोजूनच द्यावा लागतो, आणि थायरॉइडचा त्रास असलेल्याला त्याने त्रासच होऊ शकतो. प्लांटजवळच्या भागासाठी साठा ठेवलेला असतो, सांगितलं तरच घ्यायची. मिठाने आणि बीटाडीनने हे होत नाही. मार्च २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी दुकानातलं आयोडीनचं मीठ संपवलं होतं, फिलिपिन्समध्ये गळ्याला बीटाडीन लावा असा मेसेज फिरला होता. हिशोब करून बघा, एका गोळीत साधारण १०० मिलिग्रॅम आयोडीन, आपल्या मिठात किलोमागे १५ च्या आसपास, म्हणजे एका गोळीएवढ्यासाठी सहा किलोच्या वर मीठ खावं लागेल.

सासूबाईंसाठी आता एक कठीण गोष्ट लिहिते. फुकुशिमा प्रांतात स्थलांतराचे हाल, औषधं तुटणं, थंडीत शाळेच्या हॉलमध्ये राहणं यातून पुढे दगावलेल्यांची सरकारी नोंद २,३०० च्या वर आहे, आणि त्यात बहुतेक म्हातारी माणसं. हॉस्पिटलमधून घाईने बसमध्ये घातलेले अंथरुणाला खिळलेले रुग्ण वाटेत आणि पोचल्यावर गेले. रेडिएशनमुळे झालेला म्हणून सरकारने मान्य केलेला मृत्यू एका कामगाराचा, फुफ्फुसाच्या कॅन्सरचा, २०१८ ला. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांच्या समितीने नंतर वर्षानुवर्षं आकडे तपासले, सर्वसामान्य लोकांमध्ये रेडिएशनमुळे आजार वाढल्याचं त्यांना दिसलं नाही. याचा अर्थ जवळच्या लोकांना हलवायला नको होतं असा नाही, तयारीशिवाय हलवायला नको होतं असा आहे. ठाण्यात, ८० किलोमीटरवर, ऑक्सिजनवरच्या माणसाला ट्रॅफिकमध्ये घेऊन निघण्यात घरात थांबण्यापेक्षा कितीतरी जास्त धोका आहे.

आणि तुमच्या पोटातल्या बाळाबद्दल. बाळावर थेट परिणाम दिसायला लागतो तो साधारण १०० मिलिसिव्हर्टच्या (रेडिएशनच्या डोसचं माप) पुढे. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. टोकियो फुकुशिमापासून सव्वादोनशे किलोमीटर, तिथे पहिल्या वर्षाचा जादा डोस एकापेक्षाही कमी. तिथे एकदा नळाच्या पाण्यात लिटरमागे २१० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) किरणोत्सारी आयोडीन सापडलं, तान्ह्या बाळांची मर्यादा १०० होती, म्हणून बाळांना ते पाणी देऊ नका असं सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी आकडा खाली आल्यावर सूचना मागे घेतली. ठाणे टोकियोपेक्षा जवळ आहे हे मी लपवत नाही, वारा उलटा आणि वर पाऊस असेल तर आपल्याकडे आकडा जास्त येईल, पण घरात थांबून आणि दूध-पाणी सांभाळून तो १०० च्या खूप खाली ठेवता येतो. हे एवढ्या आकड्यांनी लिहायचं कारण आहे. चेर्नोबिलनंतर ग्रीसमध्ये, जिथे डोस अगदी किरकोळ होता, डॉक्टरांनी आणि बायकांनी नुसत्या भीतीने हवे असलेले गर्भ पाडले, अंदाज अडीच हजारांचा आहे. तुमच्या डॉक्टरने उद्या कधी असं काही सुचवलं तर आधी आकडा विचारा, किती मिलिसिव्हर्ट, कोणी मोजले.

ट्रॉम्बेचं थोडक्यात. वाशी पुलावरून दिसतो त्या डोंगराच्या पायथ्याशी भाभा केंद्र आहे, आमच्यापासून दहा किलोमीटरच्या आसपास. तिथली ध्रुव ही संशोधनाची भट्टी १०० मेगावॅट उष्णतेची, तारापूरच्या एका मोठ्या युनिटची उष्णता तिच्या सतरा-अठरा पट. वीज बनवायची नसल्यामुळे ती कमी तापमानाला, कमी दाबाला चालते. तिथेही जबाबदारीने वागावं लागतं, पण दोन्ही एकाच तराजूत घालू नका.

तुमच्या ग्रुपवरच्या रेडिएशन मीटरवाल्या गृहस्थांचा मेसेजही तुम्ही चिकटवलाय, की पाऊस पडल्यावर रीडिंग वाढलं. वाढणारच. हवेत कायम असलेल्या रेडॉन या नैसर्गिक किरणोत्सारी वायूपासून तयार झालेली कण-धूळ पावसाबरोबर खाली येते आणि आकडा तास-दोन तास चढून मग आपोआप उतरतो. जमिनीवर खरंच काही पडलं असेल तर तो असा उतरत नाही. स्वस्त मीटर घेतला असेल तर काहीच घडलेलं नसताना महिनाभर रोज एका जागेवर, एका उंचीवर रीडिंग लिहून ठेवा, पावसातलं वेगळं, ग्रॅनाइटच्या ओट्यावरचं वेगळं. त्या नोंदीशिवाय आणीबाणीतल्या आकड्याचा काही अर्थ लागत नाही.

म्हणजे तुमच्यापुरतं, घरात थांबा, ताजं दूध थांबवा, गोळी सांगितल्याशिवाय नाही, निघायचं तर वाऱ्याची दिशा जाहीर झाल्यावरच आणि तसं सांगितलं तरच.

आणि काळजीला ताकद लावायचीच असेल तर ती इकडे लावा असं मला मनापासून वाटतं. घिवली, दांडी, उच्छेळी या प्लांटच्या शेजारच्या मच्छीमार गावांचा नंबर आपल्या कितीतरी आधी लागतो. तिथला रस्ता पावसात चालू असतो का, सायरन ऐकू येतो का, बोटीवर गेलेल्या माणसाला निरोप कसा पोचणार, अपघातानंतर कोणी मासळी घेतली नाही तर घर कसं चालणार, हे प्रश्न ड्रिलच्या दिवशी विचारले जातात आणि मग पुढच्या ड्रिलपर्यंत पडून राहतात. ठाणे-मुंबईचे लोक दिव्याचा स्विच दाबतात, त्यांनी हे विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. शेवटच्या ड्रिलचा अहवाल मागा, माहिती अधिकार आहेच.

शेवटचं, सासूबाईंच्या मशीनचं. वादळ असो, पूर असो, की प्लांटचं काही, तुमच्या घरात पहिला फटका बसणार तो वीज जाण्याचा. कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. सोसायटीचा जनरेटर फ्लॅटमधल्या प्लगला वीज देतो का फक्त लिफ्ट आणि पंपाला, हे आजच सेक्रेटरींना विचारा, त्यात डिझेल किती तासांचं असतं तेही. भरलेला एक सिलिंडर आणि त्याचा रेग्युलेटर घरात ठेवा आणि तो लावायचा कसा हे तुम्ही आणि तुमचे मिस्टर दोघांनी एकदा करून बघा. त्यांना मिनिटाला किती लिटर लागतो ते इथे लिहिलंत तर एक सिलिंडर किती तास पुरेल याचा हिशोब मी करून देते.